किट सोडायचं म्हणजे तीन पातेली, पंप आणि कोनिकल? मुळीच नाही

घरी बियर करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या सिरपचं किट सोडून थेट माल्टवर (मोड आणून वाळवलेल्या बार्लीवर) यायचं असेल, तर तीन भांड्यांचा संच, पंप, माल्ट भरडायची गिरणी आणि स्टीलचा कोनिकल फर्मेंटर (बियर आंबवायचं निमुळत्या तळाचं भांडं) एकदमच घ्या. तेवढी जागा नसेल तर विजेचं ऑल-इन-वन यंत्र घ्या, बाकीचं ते बघतं. वर्ट (माल्टचं उकळलेलं गोड पाणी) थंड करायची कॉईल आणि तापमानाचा बंदोबस्त मात्र 'पुढे कधीतरी'. ही यादी जवळजवळ उलटी आहे. किट सोडल्यावर नेमकं काय बदलतं, याचा तिने विचारच केलेला नाही.

आधी कायद्याचं उरकू. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घरात स्वतःपुरती वर्षाला २०० गॅलन बियर करता येते. ब्रिटनमध्येही घरच्यासाठी मोकळीक आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हा गुन्हा ठरतो. त्यामुळे पुढचं सगळं न्यू जर्सी, लंडन, मेलबर्नच्या मंडळींसाठी.

'तीन भांडी लागतातच'

एक पातेलं आणि एक जाळीदार पिशवी पुरते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रुळवली. सगळं पाणी एकाच पातेल्यात घ्यायचं, त्यात पिशवीत भरडलेला माल्ट सोडायचा, तासाभराने पिशवी उचलून निथळायची आणि त्याच पातेल्यात उकळी आणायची.

फर्मेंटरमध्ये २० लिटर पडायला हवेत असं धरू. माल्ट ५ किलो, पाणी ३० लिटर. माल्ट २० अंशांवर असेल आणि मॅश (माल्ट आणि पाण्याचं मिश्रण) ६७ वर हवा असेल, तर आधण साधारण ७० अंशांवर आलं की पिशवी सोडायची. निथळल्यावर माल्ट किलोला पाऊण लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवतो, म्हणजे ४ लिटर गेले. तासभराच्या उकळीत साडेतीन आटतात, तळाच्या साक्यात दीड राहतो आणि गार होताना चार टक्के आकसतात. हिशेब बरोबर २० वर येतो. ५ किलो माल्ट पाण्यात सव्वातीन लिटरची जागा व्यापतो, म्हणून मॅशच्या वेळी भांड्यात ३३ लिटरहून जास्त भरतं. तेव्हा ३८ ते ४० लिटरचं, म्हणजे दहा गॅलनचं पातेलं घ्या. लोक ३० लिटरचं आणतात आणि पहिल्याच दिवशी काठोकाठ भरून अडकतात. तेच भांडं घरात असेल तर ५-६ लिटर पाणी मागे ठेवून ते उचललेल्या पिशवीवरून हळूहळू ओतावं. तेवढ्यासाठी दुसरं महागडं भांडं नको.

स्वयंपाकघरातली शेगडी ३० लिटर नीट उकळवत नसेल तर सरळ निम्मा घाणा करा. त्याला २० लिटरचं पातेलं पुरतं. फक्त आटण्याचा आकडा निम्मा करू नका. पाणी किती आटतं ते पातेल्याच्या तोंडावर आणि आचेवर ठरतं, आतल्या लिटरांवर नाही.

'ऑल-इन-वन घेतलं की सगळं सांभाळलं जातं'

यंत्रं वाईट नाहीत. पण तेच यंत्र लंडनमध्ये वेगळं वागतं आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये वेगळं. ब्रिटनच्या १३ अँपियरच्या सॉकेटमधून जवळजवळ ३ किलोवॅट मिळतात. अमेरिकेत १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालणारी यंत्रं साधारण १६०० वॅटची असतात. ३० लिटर पाणी २० वरून ७० वर न्यायला पावणेदोन युनिट वीज लागते, म्हणजे १६०० वॅटवर एक तासाहून जास्त. मॅशनंतर २६ लिटर ६७ वरून शंभरावर न्यायला आणखी एक युनिट, म्हणजे निदान चाळीस मिनिटं. भांड्याच्या अंगातून उष्णता जाते ती वेगळीच.

खरी फसगत पुढे होते. १६०० वॅटने तासाला जास्तीत जास्त अडीच लिटर पाणी वाफ होऊ शकतं, प्रत्यक्षात दोनच्या आसपास. वरचा साडेतीनचा हिशेब गॅसच्या मोठ्या बर्नरचा आहे. तो तसाच उचलला तर दीड लिटर वर्ट जास्त उरतो, गुरुत्व (वर्टमधल्या साखरेचं माप) कमी येतं आणि दोष माल्टवर जातो. यंत्रावर करायचं तर सुरुवातीचं पाणी दीड लिटरने कमी करा आणि अंगाला इन्सुलेशनचं जॅकेट गुंडाळा. उकळी जोरकस करायच्या मोहात झाकण लावू नका. पिल्स्नर माल्ट असेल तर उकडलेल्या मक्याचा वास देणारं डायमिथाइल सल्फाइड वाफेबरोबरच बाहेर पडतं. झाकण लावलं की ते परत खाली ठिबकतं.

'गिरणी पहिल्या दिवसापासून हवी'

नको. दुकानदार भरडून देतो, आणि भरडलेला माल्ट हवाबंद डब्यात काही आठवडे सहज टिकतो. ठरल्यापेक्षा कमी साखर उतरते आहे असं सलग दिसलं, तर पहिला संशय भरडीवर घ्या आणि मग गिरणीचा विचार करा. रोलरमधली फट साधारण १ मिमी असते. पिशवीच्या पद्धतीत ती ०.७५ मिमीपर्यंत आणली तरी चालते, कारण गाळण्याचं काम पिशवी करते. क्रेडिट कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते, तेच फटीत सरकवून मापावं.

आणि आपल्या घरांत हमखास सुचणारी युक्ती: मिक्सर. त्यात अर्ध्या दाण्यांचं पीठ होतं आणि अर्धे तसेच राहतात. पंपाने वर्ट फिरवणाऱ्या यंत्रात ते पीठ चाळणीवर बसतं, प्रवाह अडतो, खालचा भाग कोरडा पडतो आणि हीटर करपतो. भरडताना दाणा फुटायला हवा, पण टरफल बऱ्यापैकी अख्खं राहायला हवं.

'थंड करायची कॉईल ही चैन आहे'

किटच्या दिवसांत चैनच होती, कारण तेव्हा थोडंच सिरप गरम करून वरून गार पाणी ओतायचं असे. आता बावीसेक लिटर वर्ट शंभर अंशांवर आहे. सिंकमध्ये ठेवला तर गार व्हायला कित्येक तास घेतो. तेवढ्या वेळात उशिरा घातलेले हॉप्स कडवटपणा सोडत राहतात, आणि कोमट वर्ट उघडा राहिला तर यीस्टआधी दुसरेच जंतू मुक्काम ठोकतात. ३/८ इंची तांब्याची नळी, १५ मीटर, एवढं पुरतं. उकळी संपायला पंधरा मिनिटं असताना कॉईल वर्टमध्ये सोडा, ती तिथेच निर्जंतुक होते. कॉईलमधून नळाचं पाणी चालू केल्यावर वर्ट हलकेच ढवळत राहा. नुसती सोडून दिलेली कॉईल स्वतःभोवतीचाच वर्ट गार करत बसते.

टेक्सस किंवा फ्लोरिडात उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं. तिथे नळाने ३५-४० पर्यंत आणा आणि पुढे बर्फाच्या बादलीतलं पाणी छोट्या पंपाने फिरवा. पंपावर खर्च करायचाच असेल तर इथे करा.

'कोनिकलने बियर सुधारते'

कोनिकलने साका काढणं सोपं होतं, बस. किटसोबत आलेली बादली अजून चालते. आत खरखरीत घासणी फिरवू नका. ओरखड्यांत जंतू बसतात आणि सॅनिटायझर तिथे पोचत नाही. आतून ओरखडे दिसले की ती बदला.

चव बिघडते ती तापमानाने. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत आतली बियर खोलीपेक्षा ३ ते ५ अंश गरम असते. खोली २३ वर असेल तर आत २७, आणि मग साध्या एल यीस्टमधूनही (लागरपेक्षा कोमट तापमानाला आंबवणाऱ्या) थिनरसारखा झणका येतो. कोनिकलच्या निम्म्याहून कमी पैशांत जुना फ्रिज आणि गरम-गार दोन्ही सांभाळणारा कंट्रोलर मिळतो. कंट्रोलरचा प्रोब (तापमान मोजणारी तार) फ्रिजच्या हवेत लटकवू नका. बादलीच्या बाहेरून, वर्टच्या पातळीखाली टेपने चिकटवा आणि वरून फोमचा तुकडा लावा. हवेचं तापमान सतत वर-खाली होतं आणि कॉम्प्रेसर उगाच चालू-बंद होत राहतो. म्हणून कंट्रोलरमधला विलंबही तीन ते पाच मिनिटांवर ठेवा. फ्रिजला जागा नसेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या बाटल्या बदला. यीस्ट घातल्यापासूनचे तीन दिवस हे चुकवू नका, नंतर थोडं चढलं तरी चालतं.

यादीत नसलेली गोष्ट

पाणी. माल्टवर आल्यावर दरवेळी ३० लिटर नळाचं पाणी लागतं, आणि पुष्कळ शहरांत त्यात क्लोरामाइन असतं. ते साध्या क्लोरीनसारखं उकळून सहज जात नाही. माल्टमधल्या फिनॉलशी जुळून ते बँडएडचा वास देतं, आणि तो नंतर कशानेही निघत नाही. कॅम्पडेनची (सल्फाइटची) एक गोळी ७५ लिटरला पुरते. अर्धी गोळी चमच्याने चुरून आधण ठेवण्याआधी पाण्यात ढवळली की काही मिनिटांत काम होतं. शंभर गोळ्यांची बाटली सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त आहे.