चार हजार तीनशे रुपये एसएमपीएसवर का घातले

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली, आणि खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून हे वेगळं लिहितेय. नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात: कराडच्या भाच्याचा पीसी मी तीस हजारांत अपग्रेड करून दिला (नवीन एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आणि जुन्या जीटीएक्स १६५० ऐवजी ८ जीबी मेमरीचं आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड), त्यावर तुम्ही लिहिलंत की, "मॅडम, ४,३०० रुपये एसएमपीएसवर घालवले आणि प्रोसेसर तोच जुना रायझन ५ २६०० ठेवला, म्हणजे बॉटलनेक. ८ जीबीचं कार्ड आता घेण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा सेकंडहँड ३०६० मिळालं असतं. एएम४ संपलाय, पोरांना सरळ थांबून एएम५ वर जायला सांगा. पैसेवाल्यांचे सल्ले गरीब पोरांना देऊ नका." (बॉटलनेक म्हणजे एका हळू भागामुळे बाकीचे अडून राहणं, ३०६० हे एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड, एएम४ आणि एएम५ म्हणजे एएमडीचा प्रोसेसर बोर्डावर बसतो तो जुना आणि नवा सॉकेट.) आणि शेवटी, तुमचा स्वतःचा पीसी कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर चार वर्षं व्यवस्थित चालतोय.

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते कारण सगळ्यात जास्त काळजी मला त्याची वाटली.

२०१५ साली मी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि पहिल्या पगाराच्या पैशातून जीटीएक्स ९६० घेतलं होतं. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, लेबलवर ४५० वॅट, कार्डाला लागणारी सहा पिनी वायर त्याला नव्हतीच, तर दुकानदाराने एक कन्व्हर्टर दिला, हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनी वायरी जोडून सहा पिनी करणारा, आणि म्हणाला काही होत नाही, सगळे हेच लावतात. आठ महिने खरंच काही झालं नाही. मे महिन्यात एकदा लाईट गेली, दहा मिनिटांनी आली, आणि आली तशी फट्‌ असा आवाज आणि जळका वास. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला आणि हार्ड डिस्कही. त्या डिस्कवर आजीचे शेवटच्या दिवाळीचे फोटो होते जे दुसरीकडे कुठेच नव्हते. त्यामुळे "चार वर्षं चालतोय" असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, आठ महिने माझाही चालतच होता.

आता हिशोब बघू, कारण नुसत्या भीतीवर मी कुणाला ४,३०० खर्च करायला सांगणार नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ही जी खरी खाणारी मंडळी आहेत ती जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाईनवरून घेतात. भाच्याच्या जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट होतं पण खाली बारीक तक्त्यात +१२ व्ही पुढे १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट, संपलं. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाईन धरून फुगवलेला, ज्यांचा गेमिंगला फारसा उपयोग नाही. आरएक्स ६६०० चा अधिकृत आकडा १३२ वॅट, रायझन २६०० प्रोसेसर नावाला ६५ वॅटचा असला तरी लोडवर ८८ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे दोघांचेच २२० झाले, त्यात पंखे आणि डिस्क धरलेलीच नाही. आधीचं जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचं, वेगळी वायर न लागणारं, म्हणून तो एसएमपीएस इतके दिवस तग धरून होता. ६६०० ला आठ पिनी वायर लागते, ती त्याला नाहीच, म्हणजे परत तोच कन्व्हर्टर. कार्ड २१,५०० चं घ्यायचं आणि त्याला वीज मात्र अशी द्यायची, हे माझ्याच्याने झालं नसतं. एसएमपीएसवरचं ८० प्लस ब्रॉन्झचं लेबलही आंधळेपणाने घेऊ नका, ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र, आतली प्रोटेक्शन सर्किट चांगली आहेत याचं नाही, ते रिव्ह्यू वाचूनच ठरवावं लागतं.

याच्याच जोडीला एक गोष्ट मूळ लेखात राहिली होती ती आत्ता सांगते. भाचा म्हणायचा कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. खूप घरांत येतात आणि लोक चप्पल घालून बसतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर अर्थिंगला जोडलेले असतात, भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो, करंट अगदी थोडा म्हणून फक्त झिणझिणतं. इलेक्ट्रिशियनने ४०० रुपयांत ती वायर नीट जोडून दिली आणि झिणझिण्या बंद. त्या तीस हजारातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे ते ४०० आहेत असं मला अजून वाटतं.

आता बॉटलनेक. हा शब्द कॅल्क्युलेटरच्या साइटवर आकडा टाकून ठरवायचा नसतो, त्या साइट तुमचा मॉनिटर विचारत नाहीत की तुम्ही कुठली गेम कुठल्या सेटिंगला खेळता तेही धड विचारत नाहीत. मी काय केलं ते सांगते, घरी कुणालाही जमेल. आफ्टरबर्नर हे मोजमाप दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर किती टक्के, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वापर किती आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं तयार होतात) किती हे लावलं, आणि भाच्याला म्हटलं तू नेहमी खेळतोस तसा तासभर खेळ, मी मागे बसते. सायबरपंकमध्ये जुनं १६५० कार्ड कायम ९८-९९ टक्के, प्रोसेसर निम्मा रिकामा, एफपीएस चाळिशीच्या आत. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० केलं तर एफपीएस लगेच वर उडाले, म्हणजे अडत होतं ते कार्डाशी. रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस हलले नसते तर मी पहिल्यांदा प्रोसेसर बदलला असता. व्हॅलोरंटमध्ये नेमकं उलटं, कार्ड साठ टक्क्यांवर लोळतंय आणि प्रोसेसर अडवतोय, इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण अडवून अडवून किती, तर दीडशेच्या वर एफपीएस येत होते आणि पोराचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा! तो मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. जास्त एफपीएसने माउसचा प्रतिसाद थोडा लवकर येतो हे मान्य, स्पर्धेत खेळणाऱ्याला ते जाणवतं, पण मर्यादित पैशात तो फरक आधी विकत घ्यायचा की चाळिशीत अडकलेली गेम साठला न्यायची, तर मी दुसरं निवडलं. नवीन कार्डावर तीच सायबरपंक त्याच सेटिंगला साठच्या आसपास येते.

दुसरं म्हणजे त्याची रॅम. ८ जीबीची एकच स्टिक होती, म्हणजे सिंगल चॅनल, डेटाला एकच रस्ता, आणि ३२०० ची असून २४०० वर चालत होती कारण बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या लेबलवरच्या वेगाने चालवायची सोय) कुणी कधी चालूच केलं नव्हतं. असेंबल करून देणारे बरेच जण ते करत नाहीत आणि घेणाऱ्याला माहीतच नसतं. १,७०० ची दुसरी ८ जीबी टाकली आणि स्पीड २९३३ ला लावला, २६०० प्रोसेसरला अधिकृतपणे तेवढाच चालतो. नुसत्या एवढ्याने, कार्ड बदलायच्या आधीच, जीटीए ५ मध्ये गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालवताना जे मधे मधे अडखळायचं ते जवळपास गेलं. ज्याला तुम्ही प्रोसेसरचा बॉटलनेक म्हणताय त्यातला एक मोठा तुकडा रॅमचा होता. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, काहीही विकत घ्यायच्या आधी आपल्याच मशीनमध्ये काय बंद पडून राहिलंय ते बघा.

८ जीबी कार्डाबद्दल मात्र तुम्ही जे लिहिलंत त्यातलं बरंच मला पटलं. ६६०० हे २०२१ चं कार्ड, आता कितीतरी नवीन गेममध्ये टेक्स्चर अल्ट्राला ठेवलं की ८ जीबी अपुरे पडतात, हायला आणलं की १०८० ला बहुतेक ठिकाणी निभतं पण किती वर्षं निभेल ते कोण सांगणार. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मीच लिहायला हवी होती: ६६०० ला पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याच्या, फक्त आठ लेन आहेत, ते चौथ्या पिढीच्या बोर्डासाठी बनवलंय आणि भाच्याचा बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा. एरवी नुकसान अगदी थोडं, पण कार्डाची मेमरी भरली की डेटा त्याच अरुंद रस्त्याने साध्या रॅममधून ये-जा करतो आणि मग गेम जास्त अडखळते. ही माझी चूक आहे, मूळ लेखात आजच दुरुस्ती टाकतेय. याच कारणासाठी आरएक्स ६५०० एक्सटी कार्ड कुणी स्वस्त देत असेल तर अशा जुन्या बोर्डावर घेऊ नका, त्याला चारच लेन आणि मेमरीही ४ जीबी. इंटेलच्या आर्क बी५८० कार्डाचं बारा जीबी बघून मोह होतो, पण ते जुन्या प्रोसेसरबरोबर बरंच मागे पडतं, २६०० बरोबर ते लावायचं नाही.

तुम्ही म्हणता ते ३०६० बारा जीबीवालं, पूर्ण सोळा लेनचं, वेगाला ६६०० च्या जवळपास. चांगलं सेकंडहँड मिळालं तर ती माझ्यापेक्षा सरस निवड आहे, मोकळ्या मनाने कबूल करते. मी तो रस्ता का सोडला? भाचा कराडला, विकणारे सगळे पुण्या-मुंबईचे, आणि समोर बसून अर्धा तास लोड देऊन बघितल्याशिवाय मी वापरलेलं कार्ड घेत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग बंद झालं तेव्हा दिवसरात्र राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली बरीच आजही धडधाकट आहेत, पण कुठलं कुठून आलंय ते फोटोवरून कळत नाही. बिल बघा, कार्डावरचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवा, जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून आतली चिप खरंच तीच आहे का बघा. आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८ कोअरवालं विकतात, खऱ्याला २३०४ असतात, आणि नव्यातसुद्धा आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं नुसती कमी मेमरी घेऊन येत नाही, त्याचे कोअरही ८ जीबीवाल्यापेक्षा कमी आहेत. लॅमिंग्टन रोडला मी कार्ड घेतलं तेव्हा मलाही विचारलंच, बिलाशिवाय घेता का, जीएसटीचे अठरा टक्के सुटतील. नाही घेतलं. बिलाशिवाय वॉरंटीसाठी भांडायचं तर कुठल्या तोंडाने भांडणार?

राहिलं एएम५. तुमचं म्हणणं की थांबावं, साठवावं आणि एकदाच चांगलं घ्यावं. ज्याच्याकडे आज काहीच नाही, शून्यातून मशीन उभं करतोय, त्याला मीही एएम५ बघायलाच सांगेन. पण भाच्याकडे चालू बोर्ड होता, चालू डीडीआर४ रॅम होती. एएम५ म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ तिन्ही एकदम, तीस हजार त्यातच गेले असते आणि कार्ड तेच १६५० राहिलं असतं. थांबण्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये कार्डं स्वस्त होतील म्हणून थांबलेली माझ्या ओळखीची पोरं दीड वर्ष ताटकळली. आणि आत्ता रॅमचं बघताय ना? ही खरेदी मी २०२५ च्या जूनमध्ये केली, त्यानंतर वर्षअखेरपर्यंत एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे भाव असे चढले की तीच स्टिक त्या भावात मागायची सोय राहिली नाही, डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी घरात असलेली डीडीआर४ टाकून द्यायला मी कुणाला सांगू?

शिवाय त्या बोर्डाचा रस्ता बंद झालेला नाही. पैसे जमले की २६०० काढून रायझन ५ ५६०० बसेल, तोच बोर्ड, तीच रॅम, नवीन एसएमपीएसला कसलाच ताण नाही. ५६०० च घ्यायचा, ५५०० नाही, कारण ५५०० ची कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, निम्मी आहे. आणि जो कुणी हे घरी करेल त्याने क्रम चुकवू नये: जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करायचं, नाहीतर नवीन बसवून स्क्रीन काळी राहील. मग पंधरा-वीस मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम होऊ द्यायचा, बंद करून कूलर सरळ ओढायचा नाही, हळूहळू डावीउजवीकडे पिळत सोडवायचा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, कूलरखालची वाळलेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटमधून कूलरसकट उपटून आणते आणि पिना वाकतात.

पैसेवाल्यांचे सल्ले म्हणालात ते लागलं, खोटं कशाला बोलू. भाच्याचे तीस हजार म्हणजे त्याने दोन उन्हाळे आणि एक दिवाळी मेडिकलच्या दुकानात उभं राहून मिळवलेले पैसे आहेत, माझ्या बहिणीने त्यात एक रुपया घातलेला नाही कारण तोच नको म्हणाला. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याचा एसएमपीएस जळला तर तो दुसऱ्या दिवशी नवीन मशीन आणेल. याचं जळलं तर परत दोन उन्हाळे. मी ते ४,३०० त्यासाठी घातले.

तुम्हाला एकच विनंती आहे. आज संध्याकाळी पीसी बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटचं बाजूचं पॅनेल उघडा आणि एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्ही पुढे किती अँपिअर लिहिलेत तेवढं बघून खाली लिहा, तुमचं कार्ड कुठलं तेही लिहा. आकडा पुरेसा निघाला तर तसं स्पष्ट सांगेन, नाही निघाला तर कमीत कमी पैशात काय बसेल ते आपण दोघं मिळून शोधू.