गुप्तदान, माइकवरून

आमची आजी दानशूर होती, याबद्दल बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजारात दुमत नाही. घरात मात्र थोडं होतं, कारण ती जे दान करायची त्यातलं बरंचसं आमचं असायचं. आजोबांचा गरम कोट तिने एका थंडीत रात्रीच्या चौकीदाराला देऊन टाकला. पुढे होळीपर्यंत तो आजोबांना त्यांच्याच कोटातून सलाम ठोकत होता, आणि आजोबा कानाला मफलर गुंडाळत "काय, बरं आहे ना?" एवढंच विचारत होते. माझा शाळेचा स्वेटर इस्त्रीवाल्याच्या मुलीकडे गेला. मी रडले तर आजी म्हणाली, "अगं, तुला दोन आहेत की!" दुसरा आतेबहिणीचा होता. पण आतेबहिणीचा म्हणजे माझा आणि माझा म्हणजे इस्त्रीवाल्याच्या मुलीचा, असं तिचं सरळ गणित होतं.

वापरात असलेली वस्तूच द्यायची, हा तिचा नियम. २००१ च्या भूकंपानंतर सगळं बडोदं कच्छसाठी गाठोडी बांधत होतं, तेव्हा तिने आईच्या कपाटातल्या कोऱ्या चादरी काढल्या. आई म्हणाली, "अहो, या पाहुण्यांसाठी आहेत. जुन्या देऊ या ना." त्यावर आजी म्हणाली, "ज्याचं घर पडलं त्याच्याकडे फाटकं आहेच. आपण आणखी कशाला पाठवायचं?" त्यानंतर आमच्याकडचे पाहुणे फाटक्या चादरीवर झोपत.

पण तिचा खरा सण उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. आदल्या रात्री ती तिळाचे लाडू वळायला बसे आणि त्यातल्या काहींत नाणं घाली. गुप्तदान! चिक्कीच्या गुळाचा पाक गरम असतानाच तुपाच्या हाताने चिमूटभर तीळ घ्यायचे, मधे नाणं दाबायचं आणि पाक कडक व्हायच्या आत गोळी वळायची. नाणं अंगठ्याला चिकटून बाहेर यायचं, ती "हं, जा आत" म्हणून त्याला पुन्हा ढकलायची. हे लाडू सकाळी देवळाबाहेरच्या लोकांसाठी. आता दान इतकं गुप्त, की नाण्यांचा डबा कुठला आणि घरचा कुठला हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. एका वर्षी धाकट्या काकांच्या दाढेची कॅप निघाली. डेंटिस्टच्या बिलात आजीची पुढची दहा उत्तरायणं निघाली असती.

आजीच्या वर्षश्राद्धानंतर पहिली संक्रांत आली, तेव्हा धाकट्या आत्याने ठरवलं की आईच्या नावाने काहीतरी करायचं. आत्या निवृत्त शिक्षिका. तिने ठरवलं म्हणजे ठरलं. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात छोटाउदेपूर, दाहोद, पार अलीराजपूरकडून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक रात्री उघड्यावर झोपतात. त्यांना गरम कपडे, ब्लँकेटं आणि तिळाचे लाडू. सगळ्या गल्लीने मिळून. आणि उत्तरायणच्याच दिवशी.

मीटिंग झाली. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी लगेच लांब वही आणली आणि रकाने आखले: वस्तू, नग, देणाऱ्याचं नाव, प्राप्तकर्त्याची सही. गुप्तदानाला सही कशी घेणार, असं मी विचारलं. "ऑडिटला काय दाखवायचं?" असं त्यांनी मला विचारलं. मग फ्लेक्सवर दीड तास गेला. आजीचा एकही फोटो सरळ नाही. प्रत्येक फोटोत ती चौकटीबाहेर बघत कोणाला तरी जेवायला बोलावते आहे. तिच्याभोवती कोणाकोणाचे फोटो असावेत आणि कोणाचा कोणापेक्षा मोठा असावा, यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. ज्या गावाच्या महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली, त्या गावात आम्ही सहा बाय चारच्या फ्लेक्सवर डोकी किती मावतात ते मोजत होतो.

कपड्यांचं खातं माझ्याकडे आलं. लोकांनी भरभरून दिलं, यात शंका नाही. दिवाळीत कपाट आवरायचं राहून गेलेल्या सगळ्यांनी दिलं. लग्नातला थ्री-पीस सूट आला, पँटशिवाय. पोहण्याचा पोशाख आला. कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांकडून एका पायाचे मोजे आले, तेही सगळे डाव्या पायाचे असावेत असा माझा संशय आहे. आजी असती तर तिने हे गाठोडं घेऊन वकीलसाहेबांचं दार वाजवलं असतं आणि येताना त्यांच्या अंगावरचं जॅकेट घेऊन आली असती. मला तेवढं धैर्य नाही. काकांनी सगळं इमानदारीत वहीत चढवलं: "मोजे, अकरा नग (जोड नाही)."

आणि मग तो दिवस उजाडला. १४ जानेवारीला बडोद्यात जमिनीवर कोण असतं? गायी, रिक्षावाले आणि उंधियूच्या रांगेतली माणसं. बाकी सगळं गाव गच्चीवर. सकाळी आठला टेम्पो येऊन उभा राहिला आणि मीटिंगमध्ये हात वर केलेले झाडून सगळे स्वयंसेवक आता दोन्ही हात वर करून पतंग उडवत होते. मी खालून हाका मारत होते, वरून स्पीकर केकाटत होते. फोन केला तर "बस बेन, एक पेच लावून आलोच." माझा नवरा तर स्वतःच्याच गच्चीवरून "काप्यो छे!" ओरडला आणि माझा फोन कट केला. टेम्पोवाला चाकावर बसून आकाशाकडे बघत होता. थोड्या वेळाने तोही "या लाल पतंगवाल्याला ढील देता येत नाही" असं पुटपुटत कोणाच्या तरी जिन्याने वर गेला.

तेव्हा मी देवाला हात जोडले ते वारा पडावा म्हणून. बडोद्यात त्या दिवशी असं काही मागणं म्हणजे देशद्रोह. पण साडेअकराला वारा पडला खरा. गच्च्यांवर हळहळ पसरली, "पवन गयो" झालं, आणि बोटांना चिकटपट्ट्या, डोळ्यांना गॉगल लावलेली अख्खी गल्ली धडाधड खाली उतरली. टेम्पोत गाठोड्यांपेक्षा माणसं जास्त झाली. स्कूटरवाले मांजाच्या धास्तीने गळ्याला मफलर गुंडाळून मागे.

दवाखान्याच्या आवारात खिडकीतून एक प्लास्टरवाला पाय दिसत होता. पायाच्या मालकाने आम्हाला पाहून पहिला प्रश्न विचारला, "बाहेर पवन कसा आहे?" तो सकाळीच गच्चीवरून पडला होता.

ब्लँकेटं शिस्तीत वाटली गेली. थ्री-पीसचा कोट एका आजोबांनी धोतरावर चढवला आणि त्यांना तो मूळ मालकापेक्षा छान दिसला असणार. मग लाडू. कोणाच्या घशात नाणं अडकायला नको म्हणून आत्याने माइक घेतला आणि पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या आवाजात सांगितलं, "लाडू जपून खा! आत गुप्तदान आहे!" पुढच्या मिनिटाला सगळं आवार लाडू फोडत होतं. एक मुलगा चुरा हातात घेऊन माझ्याकडे आला. त्याला बिननाण्याचा आला होता आणि तो बदलून हवा होता.

एका बाईने मात्र ब्लँकेट नको म्हटलं. तिच्याकडे होतं. तिने माझ्या हातात एक फाइल दिली आणि औषधाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. पोराला एकटं ठेवून तिला रांगेत उभं राहता येत नव्हतं. मी जाऊन उभी राहिले. रांग चांगली लांब होती. तिकडे आत्या माइकवरून सगळ्यांना फोटोसाठी फ्लेक्सखाली बोलावत होती, माझं नाव घेऊन बोलावत होती. मी हातानेच सांगितलं, नंबर जाईल. शेवटी काका वही काखेत मारून स्वतः आले, माझ्या पुढची माणसं मोजली, फाइल बघितली आणि उभ्या उभ्या पेन काढून लिहिलं, "रांग, एक नग." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "प्राप्तकर्त्याची सही तेवढी घेऊन ये."