आमच्याकडे सगळ्यांनाच शुगर आहे!

पुण्यात कुठल्याही मुंजीला जा, पंगतीत हे वाक्य कानावर पडतंच. बोलणाऱ्या काकूंच्या स्वरात किंचित अभिमानही असतो, घराण्यात पेशवेकालीन वाडा असावा तसा. वाढपी श्रीखंड घेऊन थबकतो, "काकू, चालेल ना?" "वाढ रे, गोळी घेतलीय. घराण्यातच आहे, न खाऊन का टळणारे?"

माझा राग या "टळणारे का"वर आहे.

ही शुगर, म्हणजे सर्रास दिसणारा टाइप २ मधुमेह, आईवडिलांकडून येते का? येते, बऱ्यापैकी येते. दोघांपैकी एकाला असेल तर मुलांना आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात, दोघांनाही असेल तर ७०च्या आसपास. पण थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारासारखा एका जनुकाचा रोखठोक हिशेब इथे नाही. शेकडो जनुकं, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. बीपीचंही तेच. वारशात येते ती प्रवृत्ती. (एकाच जनुकातून थेट उतरणारा मधुमेहही असतो, पण विरळा.)

आमच्या घरात शुगर आजोबांकडून आली असं सगळे मानतात. ठीक. मग आजी, आई आणि धाकटी काकू? तिघीही या घरात लग्न करून आलेल्या, आजोबांशी रक्ताचं नातं शून्य. तिघींनाही शुगर आहे. जनुकं वेगवेगळी होती. तेलाचा डबा, रात्री साडेनऊचं जेवण आणि जेवल्यावर टीव्हीसमोरची बैठक मात्र एकच. वारसा म्हणताना हे कुणी मोजत नाही.

पुणेकरांना तर हे जास्त ठाऊक असायला हवं. इथल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेराने बारीक, पण वजनाच्या मानाने चरबी जास्त. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! त्यामुळे "मी तर काडीपैलवान, मला कशाला शुगर होतेय" हे आपल्याकडे चालत नाही. वजनकाट्यापेक्षा टेप घ्या आणि पोट मोजा. पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०, त्यापुढे सावध.

याच अभ्यासात पुढे दिसलं की गरोदरपणी आईच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) जास्त असेल, तर मुलांमध्ये सहाव्या वर्षीच शरीराने इन्सुलिनला, म्हणजे साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद न देण्याचं प्रमाण जास्त. लगेच आईला बोल लावायला येऊ नका. सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाईच्या ताटात काय पडत होतं, ते आधी घरातल्यांनी सांगावं.

आणि टळतं का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या टीमचा २००६ सालचा अभ्यास आहे. शुगर उंबरठ्यावर असलेली माणसं घेतली. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यात तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणं आणि आहार नेटाने सांभाळून घेतला त्यांच्यात ३९ टक्क्यांना. सगळे सुटले नाहीत, पण शंभरात सोळा माणसं म्हणजे थोडी नव्हेत.

म्हणून आईवडिलांना असेल तर तिशीतच एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) करून घ्या. ५.७ ते ६.४ टक्के आलं तर तो उंबरठा, आणि हाताशी वेळ आहे. आपल्याकडे उलटंच चालतं. स्थळं बघताना गोत्र, नाडी सगळं विचारतात, पण मुलीच्या वडिलांची शुगर मांडव उतरेपर्यंत झाकून ठेवतात.

आता "आमचे आजोबा रोज गूळ-तूप खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत होते" असं कमेंटमध्ये लिहिणारे येतीलच. जरूर लिहा. फक्त आजोबा दिवसाला किती चालायचे तेही त्यात लिहा.