शीतयुद्धाची कारणे लिहा (१० गुण)

शीतयुद्ध कसं सुरू झालं हे लिहायचंय ना? मग आधी वाचन बंद करा. माझ्या भाचीनं नेमकी हीच चूक केली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, पुण्यातला नावाजलेला क्लास, भरभक्कम फी. सराव परीक्षेत या प्रश्नाला तिनं साडेतीन पानं लिहिली. मिळाले तीन गुण. लाल शाईत शेरा: ‘मुद्दे हवेत. पाल्हाळ नको.’ सोबत आदर्श उत्तराची झेरॉक्स. पाच ओळी, पाच मुद्दे, आणि पहिल्याखाली दोनदा रेघ: ‘साम्यवाद विरुद्ध भांडवलशाही हा वैचारिक संघर्ष.’

ती झेरॉक्स चार दिवस आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे. दूध काढताना वाचतो, दूध ठेवताना वाचतो. त्यातून मला जे ज्ञान झालं ते तुमच्या भल्यासाठी देतो.

सुरुवातीची तारीख एकच धरा. ५ मार्च १९४६, अमेरिकेतलं फुल्टन, चर्चिलचं भाषण: युरोपावर ‘पोलादी पडदा’ पडलाय, पलीकडं सगळं रशियाच्या मुठीत. त्या दिवशी चर्चिल ब्रिटनचे पंतप्रधान नव्हते, आदल्या जुलैत निवडणूक हरून घरी बसले होते, हे लिहू नका. तपासणाऱ्याची लिंक तुटते.

मेलेली माणसं उत्तरात आणू नका. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली, अमेरिकेची ४ लाखांच्या आसपास. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की सोव्हिएत संघाचा सर्वेसर्वा स्टॅलिन पोलंडसाठी इतका का अडून बसला ते मार्क्स न वाचताही कळायला लागतं. याल्टाच्या बैठकीत चर्चिल आणि अमेरिकेला तो हेच सांगत होता, की तीस वर्षांत दोनदा जर्मन पोलंडच्याच वाटेनं आले. आणि त्याच स्टॅलिनच्या राजवटीनं १९४० मध्ये सुमारे २२,००० पोलिश कैद्यांना गोळ्या घातल्या होत्या. आता पोलंडच्या माणसानं कुणाला घाबरायचं? बघा, पाल्हाळ झालं. गुण गेले.

अणुबॉम्ब ‘इत्यादी’च्या जरा आधी घ्या.

मार्शल योजनेला, म्हणजे युद्धानं मोडलेल्या युरोपला अमेरिकेनं दिलेल्या पैशाला, ‘मदत’ म्हणायचं की ‘डाव’, हे क्लासचा कल बघून ठरवा. ती एकाच वेळी दोन्ही असू शकते असं चुकूनही सुचवू नका.

आता ‘वैचारिक संघर्ष’. हा मुद्दा पहिलाच हवा, दोनदा रेघ मारून. त्यासाठी ९ ऑक्टोबर १९४४ ची रात्र विसरायची तयारी ठेवा. मॉस्को, क्रेमलिन. महायुद्ध अजून चालू आहे. चर्चिल कागदाचा अर्धा ताव घेतात आणि त्यावर देश लिहितात. रुमानिया: ९० टक्के रशियाचा. ग्रीस: ९० टक्के ब्रिटनचा. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी निम्मेनिम्मे. बल्गेरिया ७५ टक्के रशियाकडे. कागद टेबलावरून पलीकडे सरकवतात. स्टॅलिन निळी पेन्सिल घेऊन भलीमोठी बरोबरची खूण करतो. चर्चिलना जरा ओशाळल्यासारखं होतं. कोट्यवधी लोकांचं भवितव्य असं झटक्यात उरकलेलं बरं दिसणार नाही, कागद जाळून टाकू या का, असं ते विचारतात. स्टॅलिन म्हणतो, नको, तुमच्याकडेच ठेवा. हे सगळं खुद्द चर्चिलनी नंतर आठवणींत लिहिलं आहे. पुढचे दोन दिवस दोघांचे परराष्ट्रमंत्री, ईडन आणि मोलोटोव्ह, हंगेरी-बल्गेरियाच्या टक्क्यांवर घासाघीस करत होते. मंडईत मेथीच्या जुडीवर करतात तशी! शेवटी रशियाला ८०, ब्रिटनला २० वर तुटलं. रुमानियातल्या, ग्रीसमधल्या एका तरी माणसाला कुणी विचारलं? या खोलीत कुठं होता तुमचा वैचारिक संघर्ष? एकानं १९१९ साली बोल्शेविकांना, म्हणजे रशियातल्या कम्युनिस्टांना, पाळण्यातच संपवा म्हणून आकांडतांडव केलं होतं, दुसरा जगभरच्या कम्युनिस्टांचा बाप. डिसेंबरात अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश फौज ग्रीक कम्युनिस्टांवर गोळ्या झाडत होती, आणि बाप गप्प! सौदा म्हणजे सौदा. याला काय म्हणायचं, सर? मुद्दा क्रमांक किती?

आणि तो ग्रीस पुढं काय झाला, हेही लिहायचं नाही, कारण तो वेगळा धडा, वेगळी वही. २० फेब्रुवारी १९४७ ला ब्रिटनचे पंतप्रधान ॲटलींनी जाहीर केलं की जून १९४८ पर्यंत हिंदुस्थान सोडू. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनला ब्रिटिशांचा निरोप गेला, की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आता आम्हाला झेपत नाही. थंडीनं गारठलेल्या ब्रिटनकडं स्वतःच्या कारखान्यांपुरता कोळसा नव्हता. १२ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन या दोन देशांसाठी ४० कोटी डॉलर मागायला तिथल्या संसदेसमोर उभे राहिले, आणि त्या भाषणात म्हणाले की आता जवळजवळ प्रत्येक राष्ट्राला दोन जीवनपद्धतींतून एक निवडायची आहे. म्हणजे तुमचा दुहेरी रेघेचा मुद्दा हे पैसे मंजूर करून घ्यायचं भाषण आहे. तुम्ही ते कारण म्हणून पाठ करून घेताय.

मी क्लासच्या सरांना फोन केला. म्हणाले, “काका, तिला पोस्ट काढायचीय की पीएचडी करायचीय?”

पोस्टच काढायचीय हो. उद्या ती कुठल्यातरी तालुक्याची तहसीलदार होईल आणि गावातल्या दोन भावांचं बांधाचं भांडण तिच्यासमोर येईल. तेव्हा एकाची भीती काय, दुसऱ्याचा खिसा किती, मधल्या वहिवाटदाराला कुणी विचारलं का, हे बघायची सवय तिला लागत होती. ती तुम्ही लाल शाईनं खोडलीत. विचारसरणीला काही अर्थ नव्हता असं मी कुठं म्हणतोय? त्या चष्म्यामुळेच दोघांना एकमेकांच्या प्रत्येक हालचालीत कट दिसत होता. पण चष्म्यासमोर माणसं होती, त्यांचे मेलेले मुलगे होते, रिकाम्या तिजोऱ्या होत्या. तुम्ही लाजा जरा. आणि तुम्हीही, वाचकहो, ‘थोडक्यात सांगा ना’ म्हणणारे! अर्ध्या तावावर टक्के लिहिणाऱ्यांनाही थोडक्यातच उरकायचं होतं.

काल भाचीचा फोन आला. “मामा, ती झेरॉक्स टाकली नाहीस ना? फोटो काढून पाठव. रविवारी पुन्हा पेपर आहे.”

पाठवला.