'ता मे' लावून नाव सांगू नका

आयरिश शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक तक्ता फिरतोय: 'मी अमोल' म्हणायचं तर 'ता मे अमोल' ('ता' म्हणजे आहे, 'मे' म्हणजे मी) म्हणा. हे चूक आहे.

मराठीत एका 'आहे'वर सगळं भागतं, आयरिशमध्ये नाही. 'ता' लागतं ते अवस्थेला, ठिकाणाला: मी दमलोय, मी कॉर्कला आहे. आपण कोण, हे सांगायला 'इस' हवं. म्हणून 'इस मिशं अमोल', किंवा 'अमोल इस अनिम दम'. हा 'इस' इंग्रजी 'इज'सारखा ओढू नका. शेवटी स्वच्छ 'स'. पेशालाही बहुधा हाच, फक्त क्रम बघा: 'इस मून्त्योर मे', म्हणजे मी शिक्षक, 'मे' शेवटी.

तक्त्यातलं 'कसं काय' विचारायचं आयरिश वाक्य आयर्लंडच्या कॉनॉट प्रांतातलं आहे. ते बरोबरच, पण मन्स्टर आणि अल्स्टर या दुसऱ्या प्रांतांत वेगळं ऐकू येईल.