'1400 वर्षांचं धर्मयुद्ध आहे, तिथे डिप्लोमसी काय कामाची' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुप, सोसायटी ग्रुप, शाळेचा ग्रुप, सगळीकडे एकच फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: इस्राएल-पॅलेस्टाईन हे 1400 वर्षांपासूनचं धर्मयुद्ध आहे, त्यांच्या धर्मात तह बसतच नाही, आजवर एकाही रब्बीने (ज्यू धर्मगुरूने) किंवा मौलवीने शांततेसाठी काडी हलवलेली नाही, ते सर्वधर्मीय फोटो म्हणजे निव्वळ देखावा, त्यामुळे धर्माला बाहेर ठेवल्याशिवाय काही होणार नाही. खाली हात जोडलेले चार इमोजी. म्हणजे भांडण शंभर टक्के धर्माचं आणि तोडग्यात मात्र धर्माचं नाव नको, ही गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही. असो, एकेक घेऊ.

1400 वर्षं. 1099 साली क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिश्चन फौजांनी, जेरुसलेम घेतलं तेव्हा ज्यू आणि मुसलमान दोघंही कापले गेले, आणि 1187 ला सलाहुद्दीनने ते परत घेतल्यावर ज्यूंना तिथे पुन्हा राहू दिलं. 1492 मधे स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा त्यातले कितीतरी ऑटोमन सुलतानाच्या राज्यात गेले. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं अजिबात नाही, दुय्यम दर्जा होता, अधूनमधून दंगे पण होते, पण सलग चौदाशे वर्षं युद्ध हे कुठल्याच इतिहासात नाही. आजचं भांडण 1917 चा बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाईनमधे ज्यूंना घर देऊ असं ब्रिटिशांचं वचन), 1947 ची युनोची पॅलेस्टाईनच्या फाळणीची योजना, 1948 ची लढाई आणि त्यात बेघर झालेले सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी, मग 1967 चं युद्ध ज्यात इस्राएलने वेस्ट बँक आणि गाझा घेतलं, असं आलेलं आहे, जमिनीचं आणि राज्याचं. ज्यू राष्ट्राची चळवळ उभी करणारा हर्त्झल, इस्राएलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन हे काही धार्मिक लोक नव्हते, आणि पलीकडे पॅलेस्टिनी नेता जॉर्ज हबाश हा ख्रिश्चन घरातला मार्क्सवादी होता. हमास ही इस्लामी संघटना तर 1987 ची. आणि ज्यू-मुसलमान एकत्र राहूच शकत नाहीत हे वाक्य मराठीत टाइप करणाऱ्याने जरा अलिबाग-रेवदंड्याकडे चक्कर मारावी, बेने इस्राएल लोक, म्हणजे आपले मराठी ज्यू, शेकडो वर्षं तिथे हिंदू-मुसलमान शेजारात तेलाचे घाणे चालवत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनवार तेली' म्हणायचे त्यांना.

धर्मात तह बसत नाही, हा सगळ्यात जोरात सांगितला जाणारा आणि सगळ्यात कच्चा मुद्दा. 1979 ला इजिप्तने इस्राएलशी करार केला तेव्हा कैरोच्या अल-अझहरने, म्हणजे सुन्नी मुसलमानांच्या सगळ्यात मानाच्या धर्मपीठाने, त्याला धार्मिक पाठिंबा दिला, पैगंबरांनी मक्केच्या कुरैशांशी केलेल्या हुदैबियाच्या तहाचा दाखला देऊन. 1994 मधे सौदीचे मुफ्ती बिन बाझ, म्हणजे कडव्यातले कडवे, त्यांनी पण इस्राएलशी शांतता करायला हरकत नाही असा फतवा दिला (करदावी या दुसऱ्या बड्या धर्मगुरूंनी त्याला विरोध केला, म्हणजे वाद होता, एकमत नव्हतं, पण हाच तर मुद्दा आहे ना). तिकडे रब्बी ओवादिया योसेफ, इस्राएलमधल्या शास या कर्मठ धार्मिक पक्षाचे सर्वेसर्वा, त्यांनी 1979 च्या सुमारास निवाडा दिला की जीव वाचणार असतील तर शांततेसाठी जमीन सोडता येते, कारण ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवणं हे जवळजवळ सगळ्या आज्ञांच्या वर आहे. 1993 ला पॅलेस्टिनींशी झालेला ओस्लो करार क्नेसेटमधे (इस्राएलच्या संसदेत) आला तेव्हा शास पक्षाने विरोधात मत दिलं नाही, तटस्थ राहिले, आणि करार 61 विरुद्ध 50 ने पास झाला. हेच ओवादिया नंतर अरबांबद्दल अत्यंत घाणेरडं बोलले आणि 2005 मधे गाझातून माघारीला विरोधही केला, ते लपवायचं कारण नाही. पण 'धर्मात बसतच नाही' हे खोटं ठरायला एवढं पुरे.

कुणी काडी हलवली नाही? जानेवारी 2002 घ्या. दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनींचा उठाव) पेटलेला, रोज अंत्ययात्रा. अशा वेळी इजिप्तच्या अलेक्झांड्रियात इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जॉर्ज कॅरी आणि अल-अझहरचे शेख तंतावी यांनी बैठक बोलावली. खोलीत कोण, तर इस्राएलचे सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या परंपरेतल्या ज्यूंचे) मुख्य रब्बी बक्षी-दोरोन, रब्बी मायकेल मेल्कियोर जे तेव्हा उपपरराष्ट्रमंत्री पण होते, पॅलेस्टाईनच्या शरिया कोर्टांचे प्रमुख तमीमी, जेरुसलेमच्या कॅथलिकांचे प्रमुख म्हणजे लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सब्बाह जे स्वतः पॅलेस्टिनी, आणि शेख तलाल सिद्र, जे एकेकाळी हमासमधे होते. यांनी सही केलेला कागद वाचला तर नुसती 'प्रेमाने राहा' टाइप प्रार्थना नाहीये. देवाच्या नावाने निरपराधांना मारणं हा देवाचाच अपमान, असं त्यात आहे, आणि पुढे सरळ राजकारण आहे: मिचेल आणि टेनेट या अमेरिकी मध्यस्थांच्या शिफारशी अमलात आणा, दोन्ही बाजूंनी पाळायची धार्मिक मान्यता असलेली शस्त्रसंधी करा, लोकांच्या येण्याजाण्यावरचे निर्बंध उठवा, वाटाघाटींना परत बसा. म्हणजे धर्मगुरू मुत्सद्द्यांच्या मसुद्याच्या मागे उभे राहिले.

थांबलं का मग सगळं? नाही. मार्चमधे इस्राएलच्या नेतान्या शहरात पेसाह या ज्यू सणाच्या जेवणावर बॉम्ब, 30 माणसं गेली, मग इस्राएली रणगाडे वेस्ट बँकेत, आणि बेथलेहेमच्या नेटिव्हिटी चर्चला (येशूचं जन्मस्थान मानतात ते) 39 दिवस वेढा. पण तो वेढा सोडवायच्या वाटाघाटीत धावपळ करणाऱ्यांमधे अँड्र्यू व्हाइट होते, अलेक्झांड्रियाची जुळवाजुळव करणारे पाद्री. ओळखी आधी झालेल्या होत्या म्हणून फोन उचलले गेले, एवढंच. आणि 'एवढंच' हे त्या दिवसात कमी नव्हतं.

देखाव्याचं म्हणाल तर काही वेळा असतोच. जून 2014 ला पोप फ्रान्सिसनी इस्राएलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पेरेस आणि पॅलेस्टिनी अध्यक्ष अब्बास यांना व्हॅटिकनच्या बागेत प्रार्थनेला बोलावलं, ऑलिव्हचं झाड लावलं, आणि महिन्याभरात गाझात युद्ध. हसणारे हसले. पण त्याआधी, 2013 मधे, तिन्ही धर्मांच्या संस्थांच्या कौन्सिलने दोन्हीकडच्या शाळेच्या पुस्तकांचा अभ्यास करून घेतला, त्यात निघालं की समोरच्याला राक्षस दाखवणं फार कमी आहे पण समोरच्याची बाजू जवळपास गायब आहे, नकाशातून सुद्धा. इस्राएलचं शिक्षण खातं इतकं भडकलं की विचारू नका. नुसत्या फोटोसाठी जमलेल्यांवर सरकारं अशी भडकत नाहीत.

आता शेवटचं, धर्माला बाहेर ठेवा. अहो ठेवलं होतं की! ओस्लोची बोलणी करणारे सगळे प्राध्यापक, अधिकारी, राजकारणी, जेरुसलेम आणि पवित्र जागा पुढे कधीतरी बघू म्हणून बाजूला. मग 1994 ला हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या 29 जणांना एका ज्यू डॉक्टरने मारलं, 1995 ला ओस्लो करार करणारे इस्राएलचे पंतप्रधान राबिन यांना मारणाऱ्याने धर्मशास्त्राचाच आधार सांगितला, हमासचे आत्मघाती हल्ले वेगळेच. 2000 साली अमेरिकेत कॅम्प डेव्हिडच्या शांतता बोलण्यांमधे जी गाठ सुटली नाही त्यात जेरुसलेममधली दोघांनाही पवित्र टेकडी, मुसलमानांचं हरम अल-शरीफ म्हणजेच ज्यूंचा टेम्पल माउंट, ही मोठी गाठ होती, आणि त्यावर बोलायला बसले होते कोण, तर राजकारणी, लष्करी माणसं आणि वकील. मेल्कियोर वर्षानुवर्षं हेच सांगतायत की धार्मिक लोकांना खोलीबाहेर ठेवलंत तर धर्माच्या नावाने 'नाही' म्हणणारे तेवढे उरतात. मला हे पटतं. करार धर्मगुरू करणार नाहीत, ते सरकारांचंच काम, सैन्य, पाणी, सीमा यातलं त्यांना काय कळतं. पण करार झाल्यावर शुक्रवारी मशिदीत, शनिवारी सिनेगॉगमधे, रविवारी चर्चमधे 'हे पाप नाही' असं कुणीतरी म्हणायला लागतं, ते परराष्ट्रमंत्र्याने म्हणून चालत नाही.

आणि '7 ऑक्टोबरनंतर (हमासच्या 2023 च्या हल्ल्यानंतर) हे सगळे धर्मगुरू कुठे लपले' विचारणाऱ्यांना: ऑक्टोबर 2023 मधेच जेरुसलेमचे कॅथलिक प्रमुख कार्डिनल पिझ्झाबाला म्हणाले होते की ओलीस धरलेली मुलं सोडा, त्यांच्या बदल्यात मला घ्या. जुलै 2025 ला गाझातल्या कॅथलिक चर्चवर तोफगोळा पडून तिघं गेले, दुसऱ्याच दिवशी पिझ्झाबाला ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या पॅट्रिआर्कला घेऊन मदतीसकट गाझात शिरले. लपलेले वाटत असतील तर फॉरवर्ड करा खुशाल.