लग्नात माईक कुणाच्या हातात द्यायचा?

आमच्या भागातल्या लग्नांत मुलीच्या मामाला माईकवरून एकदाच हाक मारतात. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं." मामा भाचीला घेऊन येतो, तिच्या मागे उभा राहतो आणि संपलं. पुढचा माईक पाहुण्यांचा. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा असतो. मे महिन्याचं ऊन, पत्र्याचा मांडव, मुठीत घामेजलेल्या अक्षता, कडेवर रडणारी पोरं, आणि स्टेजवर एकामागून एक आशीर्वादपर भाषणं. बोलणारा चिठ्ठीत बघून वधू-वरांची नावं वाचतो, मग रस्त्याच्या कामावर येतो, मग येत्या निवडणुकीवर. दोन वाजले तरी अंतरपाट धरलेला नसतो. यजमान बिचारा बोलू शकत नाही, कारण आमंत्रण त्यानेच दिलेलं असतं.

याचा मला मनापासून राग येतो. उशिराचं एक वेळ सोडून देऊ. पण त्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवलेली माणसं शंभर पावलांवर खुर्च्यांत गप्प बसलेली असतात आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा बघणारा माणूस तिच्याबद्दल बोलत असतो, हे मला पटत नाही. लग्नात बोलावं, जरूर बोलावं. पण ज्याने त्या मुलाला किंवा मुलीला जवळून पाहिलंय त्याने बोलावं, आणि समोरच्या घरासाठी बोलावं.

हे म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "हे भाषणबिषण आपल्यात नसतं, हे सिनेमातलं." असं कसं म्हणता? आपल्याकडे आत्या, काका, मावश्या घरच्या मंगलाष्टका रचायच्या. शार्दूलविक्रीडितात, ओळीला 19 अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, त्यात दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं बसवलेली. रंगीत कागदावर छापून त्या मांडवात वाटायचे. त्या म्हणजे घरच्या माणसाने केलेलं वृत्तातलं भाषणच होतं. महात्मा फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत नवरा-नवरी स्वतः एकमेकांशी बोलतात. नवरी स्त्रियांच्या हक्कांबद्दल नवऱ्याकडून वचन मागते, सगळ्यांदेखत! दीडशे वर्षांपूर्वी आपल्या मातीत हे झालं. आणि वैदिक पद्धतीच्या लग्नातसुद्धा कन्यादानाच्या वेळी नवरा तीनदा 'नातिचरामि' म्हणतो. धर्मात, अर्थात, कामात हिला सोडून वागणार नाही, असा शब्द देतो. तो शब्द आज किती जणांना ऐकू जातो? तेव्हा निम्मा मांडव जेवणाच्या रांगेत असतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीचं लग्न झालं, सांगलीकडे. तिने आधीच सांगितलं होतं, "मावशी, सीमांतपूजनाला तू बोलायचंस." मी शाळेत शिकवते, कार्यक्रमांना बोलायची सवय आहे. पण हे बोलणं वेगळं. इथे समोर बसलेले लोक आमच्या मुलीला उद्यापासून रोज बघणार होते.

मी आधी माणसांना भेटले. तिच्या आईला विचारलं, कॉलेजातल्या मैत्रिणीला फोन केला, ती नोकरीसाठी जिथे राहायची त्या घरमालकीणबाईंशी बोलले. प्रत्येकीला एकच प्रश्न: "हिला काही करताना तुम्ही पाहिलंय आणि ते अजून लक्षात आहे, असं काय?" स्वभाव कसा आहे असं विचारलं की लोक 'मनमिळाऊ', 'कष्टाळू' असली पत्रिकेतली विशेषणं देतात. काय करताना पाहिलं असं विचारलं की खरं बाहेर येतं.

आणि त्यातून मला आमच्या आईच्या डोळ्यांची गोष्ट परत मिळाली. भाची सहावीत होती तेव्हा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब घालायचे, पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार, असे कमी करत न्यायचे. घरात सगळे कामाला जाणारे, आईला घड्याळ दिसत नव्हतं. या पोरीने कालनिर्णयच्या चौकोनात, जिथे आम्ही दुधाचे खाडे लिहायचो, त्याच्या खाली बारीक पेन्सिलीने सहा रेघा मारून ठेवल्या. थेंब घातला की एक रेघ खोडायची. शाळेत जाताना शेजारच्या काकूंना रेघा दाखवून जायची. आई विचारायची, "कितवा गं?" आणि ही स्वयंपाकघरातूनच सांगायची, "चौथा, आजी. डोळा मिटून ठेव." तिला हे कर असं कुणी सांगितलं नव्हतं. ती पेन्सिल घेऊन कामाला लागली होती, एवढंच आम्ही पाहिलं.

मी एवढंच सांगितलं. तिची डिग्री, पॅकेज, बक्षिसं काही नाही, ते बायोडेटात होतंच. तीन मिनिटांत संपवलं. आपण मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो, म्हणजे फुलस्केपचं जेमतेम दीड पान. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून नेलं होतं. मोबाइलवरून वाचणाऱ्यांना माझं सांगणं आहे, नका वाचू. मध्येच कुणाचा तरी फोन येतो, नाहीतर स्क्रीन काळी होते, आणि वाचताना मान खाली जाते ती वर येत नाही. घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघा. मनात वाचताना छान वाटलेलं वाक्य तोंडात अडकतं, ते तिथेच काढून टाका.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. मुलीकडची माणसं बोलायला उभी राहिली की शेवट ठरलेला असतो: "आमची पोर अजून लहान आहे, काही चुकलं-माकलं तर पदरात घ्या, सांभाळून घ्या." चांगली शिकलेली, कमावती, घर चालवू शकणारी मुलगी, आणि आपण तिच्या चुका आधीच कबूल करून मोकळे होतो. मुलाकडून असं कुणी म्हणतं का? "आमच्या मुलाचं काही चुकलं तर सांभाळून घे गं" हे मी कधी ऐकलेलं नाही. हात जोडून उभ्या राहिलेल्या बापाला बघताना लोकांचे डोळे भरून येतात, पण त्या एका वाक्यात मुलीची नव्या घरातली जागा ठरून जाते. ते वाक्य नको. व्याह्यांना नमस्कार करा, बरोबरीने करा, आणि आमची मुलगी ही अशी आहे, हे सांगा.

म्हणूनच आम्ही आधी ठरवून घेतलं होतं की त्यांच्याकडूनही कुणीतरी बोलायचं. जावयाची आत्या बोलल्या. पहिल्यांदाच माईक धरत होत्या, आवाज कापत होता. त्यांनी सांगितलं की घरात भांडण झालं की हा मुलगा बोलत नाही, गच्चीत जाऊन बसतो, आणि तासाभराने खाली येऊन स्वतः चहा टाकतो. "तो चहा म्हणजे त्याची माफी समज," असं त्यांनी आमच्या पोरीला सांगितलं. इतक्या उपयोगाचं वाक्य मी कुठल्याच लग्नात ऐकलं नव्हतं.

गेलेल्या माणसांबद्दल मात्र फार जपून. "आज दादा असते तर" एवढे चार शब्द पुरतात आणि अख्खी बैठक रडायला लागते. आमचे वडील नाहीत. त्यांचं नाव घ्यायचं का, हे मी आधी आईला विचारलं. ती म्हणाली, घे, पण शेवटी घेऊ नकोस, मला मग पुढचं काही सुधरायचं नाही. म्हणून मध्येच एका वाक्यात घेतलं आणि पुढे गेले. आधी आलेली स्थळं, लग्नाला झालेला खर्च, रंग, वजन, स्वयंपाक येतो की नाही, यातलं काहीही गमतीतसुद्धा बोलू नये. ऐकणाऱ्या सासरच्या एखाद्या माणसाच्या ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

वेळ कुठली, हेही महत्त्वाचं. मंगलाष्टका झाल्यावर नाही, तेव्हा सगळे भुकेलेले असतात. रिसेप्शनच्या रांगेत तर नाहीच. दोन्ही घरं नीट बसलेली असतात ती सीमांतपूजनाला, नाहीतर विहिणीच्या पंगतीला. सगळं एका दिवसात उरकायचं असेल तर सकाळच्या साखरपुड्याला. बँडवाल्यांना थांबायला सांगा, जनरेटरपासून लांब उभे राहा, माईक तोंडापासून चार बोटांवर धरा.

त्या रात्री जेवणं झाल्यावर विहीणबाई मला शोधत आल्या. "त्या आजी कुठे बसल्यात?" असं विचारून त्या सरळ आमच्या आईजवळ जाऊन बसल्या. दोघी डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होत्या. त्यांचंही एका डोळ्याचं करायचं राहिलं होतं.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी पत्रिका छापायला टाकतानाच ठरवा, आपल्याकडून कोण बोलणार आणि त्यांच्याकडून कोण. मामा असेल, आत्या असेल, शेजारच्या काकू असतील. त्यांना तेव्हाच सांगा, आदल्या रात्री नाही. आणि पुढाऱ्यांना बोलवायचंच असेल तर मानाने बोलवा, अक्षता टाकायला सांगा, पोटभर जेवू घाला. माईक देऊ नका.